पावांचा मनोरा

ओतीलिया शिडीवरून पडली ती नेमकी उत्सवाच्या आठवड्यात. गल्लीवर कागदी फुलांची झालर बांधायला चढली होती. शिडीचा पाय गुळगुळीत फरशीवरून सरकला आणि पोरगी मनगटावर आपटली. तोमारच्या दवाखान्यातून परत आली तेव्हा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता आणि डोळे रडून सुजले होते. चार वर्षांनी एकदा येणारा उत्सव. तोमारच्या मिरवणुकीत फोंतिन्या गावातून जायचे पावांचे मोजके मनोरे, आणि त्यातला एक तिच्या डोक्यावर जायचा होता.

"आता कोण नेणार?" तिची आई फेलिस्मिना स्वयंपाकघरात उभी राहून भिंतीला विचारावं तसं म्हणाली. मग तिची नजर टेबलाशी कोबीचं सूप पीत बसलेल्या जांदीरावर गेली.

"माझ्याकडे काय बघतेस, आत्या?"

"उंची बघतेय. ओतीलियाएवढीच आहेस. मनोरा मुलीच्या उंचीचा लागतो. पोशाखही बसेल तुला."

"मी पाण्याची बादलीसुद्धा कधी डोक्यावर घेतलेली नाही."

"मग शिकशील. रक्त तर इथलंच आहे ना?"

जांदीरा फेलिस्मिनाच्या भावाची, आबीलियोची मुलगी. जन्मली आणि वाढली ब्राझीलमध्ये, सांतोसच्या बंदरात. बापाची तिथे पावाची भट्टी होती. बाविसाव्या वर्षी ती पहिल्यांदाच देशाबाहेर पडली होती. बाप स्वतः तरुणपणी पोर्तुगाल सोडून गेला तो पुन्हा कधी फिरकला नाही. गावाबद्दल विचारलं की म्हणायचा, "दगड आणि ऑलिव्हची झाडं. दुसरं काय आहे तिथे?" ती निघाली तेव्हाही त्याने बजावलं होतं, "लिस्बन बघ, समुद्र बघ. फोंतिन्यात दोन दिवस पुरेत."

पण फोंतिन्यात आल्यावर तिचा पाय निघेना. कारण इथे तिला जागोजागी बाप भेटत होता. कणीक मळून झाली की हाताच्या कडेने तिच्यावर क्रूस उमटवायचा आणि ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचं, पाव कापताना तो छातीशी धरून सुरी स्वतःकडे ओढायची, कुणाच्या दारात गेलं की कडी न वाजवता "घरात कोण आहे?" अशी आरोळी ठोकायची. सांतोसमध्ये या बाबांच्या खोडी होत्या. आई त्यांची नक्कल करून सगळ्यांना हसवायची. इथे घरोघरी हेच चालायचं आणि कुणी हसत नव्हतं. रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याने टोपी मागे सारून कपाळ खाजवलं की जांदीरा थबकून बघत राहायची. आपल्या बापाला आपण अर्धाच ओळखत होतो, असं तिला वाटायला लागलं होतं.

तर ती हो म्हणाली.

अंगणात शिकवणी सुरू झाली. आत्याने जाड टॉवेल पिळून त्याची गोल चुंबळ केली आणि तिच्या डोक्यावर बसवली. "हिला आम्ही सासू म्हणतो."

"का?"

"एकदा डोक्यावर बसली की उतरत नाही म्हणून."

प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन पायरीवर बसलेली ओतीलिया त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मग चुंबळीवर वेताची टोपली आली, टोपलीत दगड आले आणि जांदीराचं हसू मावळलं. मानेतून एक कळ थेट कमरेपर्यंत उतरली. भिंतीपलीकडून शेजारीण डोकावून बघत होती.

"ब्राझीलची पोर ती! कंबर हलवल्याशिवाय दोन पावलं टाकता येतील का तिला? मनोरा नाचत जाईल तोमारमधून."

"नाचला तर पाव तुमच्याच पुढ्यात पडतील, काकू," जांदीरा मान न वळवता म्हणाली. "एप्रन पसरून ठेवा."

गल्ली खदखदून हसली, आणि त्यानंतर निदान तोंडावर तरी कुणी टोमणा मारला नाही.

प्रत्येक मुलीबरोबर एक पुरुष चालतो. मनोरा तिच्या डोक्यावर चढवायचा त्याने, उतरवायचा त्याने, वाटेत कलला तर सावरायचाही त्यानेच. ओतीलियाबरोबर रुफीनो चालणार होता, दोन घरं सोडून राहणारा, लाजरा आणि कामाचा मुलगा. तो रोज संध्याकाळी येऊन जांदीराला चालवायचा.

"समोरच्या मुलीच्या मनोऱ्यावर कबुतर असतं. तेवढंच बघायचं," तो सांगायचा. "मान वळवायची नाही. कुणी हाक मारली तरी नाही. मान वळली की सगळं गेलं."

आणि शुक्रवारी तो आलाच नाही. निरोपही नाही.

शनिवारी दुपारी गावच्या दालनात मनोरे बांधायला सगळ्या बायका जमल्या. टोपलीच्या कडेला उभे वेत खोचलेले, वेतांत एकावर एक ओवलेले पाव, मध्ये कागदी फुलं आणि गव्हाच्या ओंब्या, सगळ्यात वर मुकुट आणि पवित्र आत्म्याचं कबुतर. ताज्या पावाच्या वासाने दालन भरून गेलं होतं. जांदीराने भट्टीवाल्याची मुलगी म्हणून पाव ओवायचं काम मागून घेतलं होतं. तेवढ्यात दारातून झेफेरिनो आत आला. हा रुफीनोचा बाप. धंद्याने सुतार, चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा. उत्सवाची गावाकडची सगळी व्यवस्था त्याच्याकडे होती आणि आठवडाभर तो तोमारमध्ये मांडव उभारण्यात गुंतला होता.

"ओतीलियाच्या जागी कोण आहे म्हणे?"

"मी," जांदीरा म्हणाली.

"बापाचं नाव?"

तिला वाटलं, माणूस ओळख काढतोय. तिने हसून नाव सांगितलं. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले.

"म्हणजे खरंच," झेफेरिनो म्हणाला. "मला पोराने सांगितलं तेव्हा विश्वास बसला नाही. फेलिस्मिना, तुला काही वाटलं नाही?"

आत्या फुलाच्या पाकळ्या सरळ करत राहिली.

"तुम्ही बाबांना ओळखता?" जांदीराने विचारलं.

"ओळखतो! माझा मोठा भाऊ सिल्वीनो आणि तुझा बाप एका बाकावर शिकले, एका ताटात जेवले. दोघांना आफ्रिकेतल्या लढाईवर जायचा हुकूम एकाच दिवशी आला. तुझा बाप चोरासारखा पळाला. सीमा ओलांडून स्पेन, तिथून फ्रान्स, तिथून तुझं ब्राझील. जिवलग दोस्ताला शब्दाने सांगितलं नाही. सिल्वीनो गिनीला गेला आणि पेटीतून परत आला. पेटी उघडूही दिली नाही त्यांनी. माझी आई अजून आहे. उद्या तोमारला माझ्या मावशीच्या खिडकीत बसून मिरवणूक बघणार आहे ती. तिच्यासमोरून आबीलियोची पोर गावाचा पाव डोक्यावर घेऊन जाणार? माझा मुलगा तिच्या शेजारून चालणार?"

जांदीराच्या हातात एक पाव होता. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"बाबा कामासाठी गेले," ती म्हणाली. "आम्हाला तसंच सांगितलंय."

"सांगणारच," झेफेरिनो म्हणाला आणि निघून गेला.

आत्या-भाची घरी आल्या. दार लागल्यावर जांदीरा उसळली. "खरं आहे?"

"पळाला हे खरं आहे," आत्या खुर्चीत बसत म्हणाली. "खूप जण पळाले तेव्हा. कुणाला हवी होती ती लढाई? सिल्वीनोला सांगितलं की नाही, ते मला माहीत नाही. मलाही सांगितलं नव्हतं त्याने. सकाळी उठले तर अंथरूण रिकामं."

"आणि हे मला कुणीच सांगितलं नाही! मला गावभर मिरवलंत. सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून."

"वाटलं होतं, इतकी वर्षं झाली, लोक विसरले असतील." आत्याने कपाळाला हात लावला. "जाऊ दे. मी पाद्रींना सांगते, आमचा मनोरा यंदा नाही."

जांदीरा खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर ओतीलियाने एका हाताने झालरीचं शेवटचं टोक बांधलं होतं, वेडंवाकडं. बापाचा तिला राग आला होता, या गावाचाही आला होता. पण उद्या आपण गेलो नाही तर काय होईल, ते तिला स्वच्छ दिसत होतं. या घरातलं दुसरं माणूस पळालं असं झालं असतं.

"सांगू नकोस कुणाला," ती म्हणाली. "मी जाणार."

रविवारी तोमारच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या-खिडक्यांतून रेशमी चादरी लोंबत होत्या. चर्चसमोर शेकडो मनोरे ओळीने जमिनीवर ठेवलेले, प्रत्येकाशेजारी पांढऱ्या झग्यातली मुलगी, खांद्यावरून कमरेपर्यंत रंगीत फीत, आणि शेजारी त्याच रंगाचा टाय लावलेला पुरुष. जांदीराची फीत लाल होती. तिच्या शेजारी कुणीच नव्हतं.

आत्या गर्दीत टाचा उंचावून रुफीनोला शोधत होती. चर्चची पहिली घंटा झाली. गावातल्या एका मुलीच्या जोडीदाराने हळूच विचारलं, "मी आधी हिचा चढवतो, मग तुझा चढवू का?" पण मनोरे एकाच क्षणी उचलायचे असतात, हे त्यालाही माहीत होतं आणि तिलाही. दुसरी घंटा झाली. पुरुष वाकून टोपल्यांच्या कडा धरू लागले.

"बाजूला हो. पाय जोडून उभी राहा."

झेफेरिनो होता. पांढरा सदरा, बाह्या दुमडलेल्या, गळ्यात मुलाचा लाल टाय. तो धापा टाकत होता.

"रुफीनो?" तिने विचारलं.

"आबीलियोच्या पोरीचा भार माझा मुलगा उचलणार नाही. पण फोंतिन्याची जागा रिकामी दिसलेली मला चालणार नाही. म्हणून मी. दुसरं काही समजू नकोस."

तिसरी घंटा. अख्ख्या चौकातून एकच हुंकार निघाला आणि पावांचं रान जमिनीवरून वर उठलं. जांदीराच्या डोक्यावर भार आला तशी तिची मान खांद्यांत रुतली. टोपलीच्या कडेला झेफेरिनोचा हात होता. मग तो हात निघाला. ढोल वाजले, कुठेतरी फटाक्याचा बाण आभाळात फुटला आणि ओळ चालू लागली.

समोर कबुतर होतं, चांदीच्या रंगाचं. तिने त्याच्यावर नजर रोवली.

पहिल्या रस्त्याला झेफेरिनो नुसता शेजारून चालला. दुसऱ्या वळणावर तो तिच्या कानाशी बोलायला लागला. आवाज बारीक होता. दोन्ही बाजूंच्या लोकांना वाटलं असेल, माणूस मुलीला धीर देतोय.

"सिल्वीनोला पोहता येत नव्हतं. तुझ्या बापाने त्याला नदीत ढकलून शिकवलं, याच नदीत. दोघंही मार खाऊन आले होते घरी. सांगितलंय त्याने?"

जांदीरा पावलं मोजत राहिली. तिला त्याच्याकडे बघता येत नव्हतं, कान झाकता येत नव्हते, पळता येत नव्हतं. एक हात टोपलीच्या कडेला होता; दुसऱ्याने कपाळाचा घाम पुसायचीही तिची हिंमत होईना.

"त्याचं पत्र यायचं तेव्हा आई मला वाचायला लावायची. शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, इथे पाऊस थांबत नाही आणि पावाला बुरशी येते. आईने त्या दिवशी पाव भाजले आणि त्याला पाठवायला म्हणून बांधून ठेवले. कुठे पाठवणार? तसेच पडून राहिले, दगड होईपर्यंत."

"मला का सांगताय?" ती ओठ न हलवता म्हणाली.

"मग कुणाला सांगू? तुझा बाप तर समुद्रापलीकडे." मग त्याचा आवाज आणखी बारीक झाला. "आता आईची खिडकी येतेय. उजवीकडे. निळी चादर."

वरून लोक फुलांच्या पाकळ्या टाकत होते; समोरच्या मुलीच्या मनोऱ्यावर त्या पडत होत्या, घरंगळत होत्या. तिने कबुतरावरची नजर काढली नाही. डोळ्याच्या कोपऱ्यात निळा रंग आला. ढोल पुढे गेले होते आणि त्या टप्प्यात क्षणभर फार शांत वाटलं. मग तिच्या खांद्यावर, गळ्याशी, हातावर काहीतरी हलकं पडलं. पाकळ्या होत्या. कुणी टाकल्या ते तिला दिसणं शक्य नव्हतं. निळा रंग मागे गेला.

"त्यांनी टाकल्या?" तिने विचारलं.

झेफेरिनोने उत्तर दिलं नाही. पुलाचा चढ लागला तसा तो आणखी जवळ सरकला. मग म्हणाला, "एकच विचारतो. खरं सांग. तुझ्या बापाने कधी सिल्वीनोचं नाव काढलं घरात? एकदा तरी?"

खोटं तिच्या अगदी जिभेवर होतं. काढलं, खूपदा काढलं, रडले सुद्धा, असं म्हणणं सोपं होतं. हा माणूस शांत झाला असता, आणि तिला या घडीला त्याच्या हातांची गरज होती. पण मागच्या एका दिवसात तिने इतकं लपवलेलं ऐकलं होतं, की त्यात आपली भर घालायचं तिच्या मनात येईना.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. मी हे नाव काल पहिल्यांदा ऐकलं."

शेजारची पावलं थांबली. तिला ते दिसलं नाही, जाणवलं. उजव्या बाजूची सावली नाहीशी झाली. ओळ चालतच होती. थांबली असती तर मागची मुलगी अंगावर आली असती, म्हणून जांदीरा चालत राहिली. एकटी पुलावर आली.

आणि पुलावर वारा होता.

नदीवरून तो आडवा आला आणि मनोऱ्याच्या शेंड्याला भिडला. मुकुट थरथरला. भार डोक्यावरून डावीकडे सरकला. तिने दोन्ही हातांनी टोपली धरली, पण शेंडा तिच्या हातांच्या खूप वर होता. मान वाकायला लागली. गर्दीतून एक बाई किंचाळली. वेत करकरले आणि एक पाव सुटून खाली फरशीवर आपटला. जांदीराने गुडघे वाकवले, कुणीतरी सांगितलं म्हणून नाही, सांतोसच्या भट्टीत पिठाच्या पोत्याखाली बाबांना तसं वाकताना पाहिलं होतं म्हणून. भार क्षणभर तोलला गेला. पुन्हा वारा आला. आता गेलं, असं तिला वाटलं.

मागून धावत येणाऱ्या बुटांचा आवाज झाला आणि दोन रुंद हातांनी वेतांना विळखा घातला.

"चाल," झेफेरिनो म्हणाला. "मी धरलंय. थांबू नकोस."

पूल उतरेपर्यंत त्याने हात काढला नाही. उजव्या मनगटावर वेताचं टोक घुसून रक्त आलं होतं. तिच्या पांढऱ्या बाहीवर त्याचे दोन थेंब पडले.

पुढच्या चौकात विसाव्याचा इशारा झाला. पुरुषांनी मनोरे उतरवले, मुली मान चोळत जमिनीवर बसल्या. जांदीरा उभीच होती. झेफेरिनो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ओळ निघाल्यापासून पहिल्यांदा तिला त्याचा चेहरा दिसला. डोळे लाल होते. तो मनोऱ्याला हात लावेना.

"उतरवा ना," ती म्हणाली.

"मी पुलावर ठरवलं होतं, पडू दे," तो म्हणाला. "तुला कळायला हवं. ठरवलं होतं मी."

"मग का आलात?"

मग त्याने मनोरा धरला, अलगद खाली ठेवला. जांदीरा फरशीवर बसली, तसा तोही शेजारी बसला. मनगट दाबून धरत म्हणाला, "पाकळ्या आईनेच टाकल्या. कोणाची मुलगी आहे ते तिला सांगून ठेवलं होतं मी सकाळी. तरी टाकल्या."

जांदीराला रडू फुटलं. ती रडत असतानाच इशारा झाला. तिने बाहीने तोंड पुसलं आणि उठून पाय जोडून उभी राहिली. उरलेल्या वाटेत त्याची सावली तिच्या उजव्या बाजूला शेवटपर्यंत होती.

सोमवारी उत्सवातला पाव, मांस आणि वाइन गरजूंना वाटली जाते. ते काम आटोपून झेफेरिनो फेलिस्मिनाच्या दारात आला. "घरात कोण आहे?" अशी आरोळी त्याने दिली, तेव्हा आत्याच्या हातातली बशी निसटता निसटता राहिली; या दारात तो लहानपणानंतर आला नव्हता. मनगटाला पट्टी होती.

जांदीरा फोनपाशी उभी होती. सांतोसला सकाळ झाली असणार. बाबा भट्टीवरून नुकते आले असतील. तिने झेफेरिनोकडे पाहिलं आणि नंबर फिरवला.

"बाबा, मी मनोरा नेला. तोमारमध्ये." पलीकडे तो काहीतरी आनंदाने बोलायला लागला, पण तिने त्याला पुढे बोलू दिलं नाही. "बाबा, सिल्वीनो कोण?"

फोनवर समुद्रासारखी खरखर तेवढी राहिली. आत्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

"कुणी सांगितलं?" बाप शेवटी म्हणाला.

"त्याच्या भावाने. तुम्ही त्याला न सांगता पळालात म्हणे."

"न सांगता?" आबीलियोचा आवाज एकदम चढला, मग फाटला. "आम्ही दोघं जाणार होतो, पोरी. दोघांनी मिळून ठरवलं होतं. जुन्या चुनाभट्टीपाशी भेटायचं. मी थांबलो. उजाडायला लागलं तरी थांबलो. मला वाटलं, आईला सोडवेना त्याला. मी जाऊन दार वाजवायला हवं होतं. नाही वाजवलं, घाबरलो. नंतर फ्रान्समध्ये कळलं, तो गेला म्हणून. त्यानंतर मी कुठल्या तोंडाने नाव घेणार होतो त्याचं?"

जांदीराने रिसीव्हर छातीशी धरला आणि जसंच्या तसं सांगितलं.

"खोटं," झेफेरिनो ताबडतोब म्हणाला. "सिल्वीनो मला सगळं सांगायचा. सगळं." त्याच्या कपाळावर आठी पडली, ती तशीच राहिली. "कुठे भेटायचं म्हणाला?"

"जुन्या चुनाभट्टीपाशी."

तो खुर्ची चाचपत खाली बसला. "ज्या सकाळी आबीलियो नाहीसा झाला," तो आत्याकडे बघत म्हणाला, "त्या सकाळी सिल्वीनोचे बूट पांढरे होते. चुन्याने. आई ओरडली, कुठे उकिरडे फुंकत फिरतोस म्हणून. मलाच घासायला दिले. मी घासले. त्याने सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही."

रिसीव्हरमधून बापाचा "जांदीरा? जांदीरा?" असा बारीक आवाज येत होता. झेफेरिनोने हात पुढे केला. तिने रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"आबीलियो," तो म्हणाला. "झेफेरिनो बोलतोय." त्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "तो आला होता. तू असताना आला आणि लांबून बघून फिरला, की तू गेल्यावर पोचला, ते आता देवालाच ठाऊक. पण आला होता तो."

पलीकडे बाप रडत होता. ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येत होतं.

"आई जिवंत आहे," झेफेरिनो म्हणाला. "हे तिला मी सांगणार नाही. तू येऊन सांग."

आबीलियो काही महिन्यांनी, ऑलिव्हच्या तोडणीला आला. तोवर जांदीरा तिथेच राहिली होती, आत्याच्या घरी. झेफेरिनोने त्याच्याशी हात मिळवला नाही; पण स्टेशनवर आणायला तोच गेला आणि बॅगही त्यानेच उचलली. म्हातारीच्या स्वयंपाकघरात आबीलियो दुपारी गेला तो दिवे लागायच्या वेळी बाहेर आला. दार आतून लावलेलं होतं. काय बोलणं झालं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि या वेळी जांदीरानेही विचारलं नाही. ती बाहेर ओट्यावर झेफेरिनोशेजारी बसून होती. दोघं मिळून तोडलेल्या ऑलिव्हमधली पानं निवडून काढत होती.